कोण जिंकेल आणि कोण श्रेष्ठ? बास्केटबॉलच्या वादातून मुलांना काय शिकवता येईल



एप्रिल महिना होता. सकाळची शाळा, परीक्षा तोंडावर, आणि मधल्या सुट्टीत नववीची दोन मुलं तावातावाने भांडत होती. मला वाटलं, डब्यावरून काहीतरी बिनसलं असेल. जवळ गेले तर विषय निघाला अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचा! तिकडे रात्री होणारे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. त्यामुळे काही मुलं दप्तर भरता भरता स्कोअर बघूनच शाळेत येतात. एक म्हणत होता, "आमचाच संघ फायनलला जाणार, लिहून घे!" दुसरा म्हणत होता, "ते जाऊ दे, या वर्षीचा बेस्ट प्लेअर कोण ते बोल!"

मी रागवायला गेले होते, पण ऐकत उभी राहिले. कारण ही मुलं दोन अगदी वेगळे प्रश्न एकत्र करून भांडत होती. पहिला, 'पुढे काय होईल?' आणि दुसरा, 'आतापर्यंत कोण सर्वांत चांगलं खेळलं?' पहिला अंदाजाचा प्रश्न, दुसरा मूल्यमापनाचा. आपण मोठी माणसंही रोजच्या बोलण्यात हीच गल्लत करतो. म्हणून आज हा विषय थोडा उलगडून पाहू.

आधी स्पर्धा समजून घेऊ

एनबीएमध्ये ३० संघ आहेत. पूर्व विभागात १५ आणि पश्चिम विभागात १५. प्रत्येक संघ हंगामात ८२ साखळी सामने खेळतो. त्यानंतर बाद फेरी येते, तिला प्लेऑफ म्हणतात. प्रत्येक विभागातले पहिले ६ संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ आपसात आणखी सामने खेळतात आणि त्यांतले दोन आत येतात. असे दोन्ही विभागांतले मिळून १६ संघ होतात.

प्लेऑफमध्ये एका सामन्यावर निकाल लागत नाही. दोन संघांत जास्तीत जास्त ७ सामन्यांची मालिका होते आणि जो आधी ४ सामने जिंकेल तो पुढे जातो. अशा चार फेऱ्या असतात. म्हणजे विजेतेपदासाठी एकूण १६ सामने जिंकावे लागतात.

पुरस्कारांची पद्धत वेगळी आहे. सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणजे एमव्हीपी, सर्वोत्तम बचाव करणारा, सर्वोत्तम नवोदित, सर्वाधिक प्रगती करणारा, सर्वोत्तम प्रशिक्षक असे बरेच पुरस्कार आहेत. त्यासाठी अलीकडे सुमारे १०० पत्रकार आणि समालोचक मतदान करतात. एमव्हीपीसाठी प्रत्येकाने पाच नावं क्रमाने द्यायची. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५, चौथ्याला ३ आणि पाचव्याला १. सगळ्यांची बेरीज करून विजेता ठरतो.

आता यातली कळीची गोष्ट. हे मतदान साखळी सामने संपल्यावर, पण प्लेऑफ सुरू होण्याआधी होतं. म्हणजे प्लेऑफमध्ये कोण कसा खेळला याचा या पुरस्काराशी काहीही संबंध नसतो.

पुरस्कार मिळाला, पण संघ हरला

२००६-०७ चा हंगाम घ्या. डॅलस मॅव्हरिक्स संघाने ८२ पैकी ६७ सामने जिंकले. पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर होता पश्चिम विभागातला आठवा संघ, गोल्डन स्टेट वॉरियर्स. त्यांचे विजय फक्त ४२. सगळ्यांनी धरून चालले होते की डॅलस सहज जिंकणार. आणि डॅलस ४-२ ने हरलं! सात सामन्यांच्या मालिकेत आठव्या क्रमांकाने पहिल्या क्रमांकाला हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर काही दिवसांनी डॅलसच्याच डर्क नोविट्स्कीला एमव्हीपी पुरस्कार देण्यात आला. घरी बसलेल्या खेळाडूच्या हातात वर्षातला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान!

मग मतदारांचं चुकलं का? नाही. त्यांना विचारलेला प्रश्न होता, '८२ सामन्यांत कोण?' त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

अंदाज बांधणाऱ्यांकडून मात्र एक गोष्ट निसटली होती. त्याच हंगामात गोल्डन स्टेट आणि डॅलस तीनदा भिडले होते आणि तिन्ही वेळा गोल्डन स्टेट जिंकलं होतं. शिवाय गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक डॉन नेल्सन आधी डॅलसचेच प्रशिक्षक होते. नोविट्स्कीचा खेळ ते आतून बाहेरून ओळखत होते. एकूण गुणतक्ता सांगत होता की डॅलस भारी आहे, पण 'या विशिष्ट संघासमोर' डॅलस भारी आहे का, हा प्रश्न वेगळा होता. मुलांना हे पटकन समजतं. सगळ्या विषयांत पहिला येणारा मुलगा भूमितीच्या पेपरात पहिला येईलच असं नाही ना!

२०१५-१६ चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. गोल्डन स्टेटने ७३ सामने जिंकले, फक्त ९ हरले. हा विक्रम होता. स्टीफन करीला १३१ पैकी १३१ मतदारांनी पहिला क्रमांक दिला. एकमताने एमव्हीपी झालेला तो पहिलाच खेळाडू. अंतिम मालिकेत ते ३-१ ने पुढेही होते. आणि तिथून क्लीव्हलँडने सलग तीन सामने जिंकून विजेतेपद नेलं. त्याआधी अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून कोणताही संघ जिंकला नव्हता.

अंदाज का चुकतात? थोडं गणित

गणिताच्या शिक्षकांसाठी हा भाग सोन्यासारखा आहे. समजा 'अ' संघ इतका चांगला आहे की 'ब' विरुद्धचा कोणताही एक सामना तो जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. सोयीसाठी घरचं मैदान, दुखापती वगैरे बाजूला ठेवू. मग सात सामन्यांची मालिका 'अ' जिंकण्याची शक्यता किती?

उत्तर येतं सुमारे ७१ टक्के. म्हणजे सामने वाढले की चांगल्या संघाचा फायदा वाढतो. एका सामन्यात दुबळा संघ १०० पैकी ४० वेळा जिंकेल, मालिकेत मात्र २९ वेळाच. वर्षातून एकच मोठी परीक्षा घेण्याऐवजी आपण आकारिक आणि संकलित असं दोन्ही मूल्यमापन का करतो, याचं एक कारण इथे सापडतं. जितक्या जास्त संधी, तितका नशिबाचा वाटा कमी.

पण २९ हा आकडाही लहान नाही. संपूर्ण प्लेऑफमध्ये १५ मालिका असतात: आधी ८, मग ४, मग २ आणि शेवटी १. प्रत्येक मालिकेत आपला अंदाज बरोबर येण्याची शक्यता ७१ टक्के धरली, तर पहिल्या फेरीतले आठही अंदाज बरोबर येण्याची शक्यता सुमारे साडेसहा टक्के उरते. पंधराच्या पंधरा बरोबर येण्याची? एक टक्क्याहूनही कमी! म्हणून "मी सगळं आधीच सांगितलं होतं" असं म्हणणाऱ्या माणसाकडे थोडं संशयानेच बघावं.

त्यात दुखापती येतात. २०२३ मध्ये मायामी हीट संघ आठव्या क्रमांकाने, तोही आधी एक सामना हरून, कसाबसा प्लेऑफमध्ये आला. समोर होता त्या हंगामात सर्वाधिक सामने जिंकलेला मिलवॉकी बक्स. पहिल्याच सामन्यात मिलवॉकीच्या यानिस अँटेटोकुंपोच्या पाठीला दुखापत झाली आणि पुढचे दोन सामने तो खेळू शकला नाही. मायामीने मालिका ४-१ ने जिंकली आणि पुढे थेट अंतिम फेरी गाठली. हे आधी कोण सांगू शकलं असतं?

'मौल्यवान' म्हणजे नक्की काय?

आता दुसरा प्रश्न, पुरस्काराचा. इथे आकडे असूनही वाद मिटत नाही, कारण वाद आकड्यांचा नसतोच. तो शब्दाच्या अर्थाचा असतो.

१९६१-६२ चा हंगाम पाहा. विल्ट चेंबरलेनने त्या वर्षी सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. एका सामन्यात तर एकट्याने १०० गुण! ऑस्कर रॉबर्टसनने संपूर्ण हंगामात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दहाच्या वर सरासरी राखली. एमव्हीपी कोण झाला? दोघांपैकी कुणीच नाही. तो मान मिळाला बिल रसेलला. त्याच्या गुणांची सरासरी विसाच्याही खाली होती. पण त्याचा बचाव जबरदस्त होता आणि त्याच्या बॉस्टन संघाने ८० पैकी ६० सामने जिंकले होते. तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. रोज समोर उभं राहून खेळणाऱ्यांना जे दिसलं, ते गुणफलकावर दिसत नव्हतं.

५५ वर्षांनी, २०१६-१७ मध्ये, उलटं घडलं. रसेल वेस्टब्रुकने रॉबर्टसनसारखीच तिन्हींत दोन आकडी सरासरी राखली. त्याच्या ओक्लाहोमा सिटी संघाने ४७ सामने जिंकले. जेम्स हार्डनच्या ह्यूस्टनने मात्र ५५ जिंकले होते. एक गट म्हणाला, "एवढा विक्रम केला, अजून काय हवं?" दुसरा गट म्हणाला, "संघ जिंकत नसेल तर विक्रमाचं काय करायचं?" पुरस्कार वेस्टब्रुकला मिळाला. आणि पहिल्याच फेरीत ह्यूस्टनने ओक्लाहोमाला ४-१ ने हरवलं! चाहते आजही यावर भांडतात.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. एका बाजूला 'मौल्यवान' म्हणजे 'सर्वांत चांगला खेळलेला', दुसऱ्या बाजूला 'संघाला सर्वांत जास्त जिंकून देणारा'. अर्थ आधी ठरवला नाही, तर हा वाद शंभर वर्षंही चालेल.

आणि हे नुसतं गप्पांपुरतं नाही. एनबीएच्या नियमांत काही मोठे सन्मान मिळवणाऱ्या खेळाडूला जास्त मोठा करार मिळण्याची मुभा आहे. म्हणजे पत्रकारांच्या मतांवर खेळाडूची कोट्यवधींची कमाई ठरू शकते. त्यामुळे कोणी कुणाला मत दिलं, ते नंतर जाहीर होतं. २०२३-२४ पासून बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी साधारणपणे किमान ६५ सामने खेळण्याची अटही आहे. निकष उघड, मत उघड.

आणि मग मला माझी शाळा आठवली

हे सगळं वाचताना मला एक जुनी गोष्ट टोचत राहिली. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाचा आदर्श विद्यार्थी निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी एका हुशार मुलाचं नाव दिलं. कार्यक्रम झाल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. तक्रार नव्हती, सरळ विचारलं तिने, "मॅडम, आदर्श म्हणजे काय काय बघितलं तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्क बघितले होते, बस्स. ही मुलगी वर्षभर धाकट्या भावाला शाळेत आणायची, वर्गातल्या दोन मुलांना गणित समजावायची, एकही दिवस गैरहजर नव्हती. मी नाव आधी ठरवलं होतं आणि कारण नंतर शोधलं होतं. ती "बरं" म्हणून निघून गेली. तो "बरं" मला अजून ऐकू येतो.

पुढच्या वर्षीपासून मी जून महिन्यातच निकष फळ्यावर लिहिते. मुलांशी बोलून ठरवते आणि शेवटी कुणाला किती गुण दिले ते वर्गात सांगते. वाद तरीही होतात. पण आता ते निकषांवर होतात, माझ्या मर्जीवर नाही.

वर्गात आणि घरी करून बघा

१. अंदाजवही: खेळ कोणताही चालेल, कबड्डी, क्रिकेट, शाळेतल्या स्पर्धा. मुलांनी निकालाआधी अंदाज, त्याचं कारण आणि 'किती टक्के खात्री' हे लिहायचं. नंतर खाडाखोड नाही! '७० टक्के खात्री' असलेल्या दहा अंदाजांपैकी साधारण सात बरोबर यायला हवेत. दहाही बरोबर आले तर मूल जरा जास्तच घाबरून अंदाज करतंय. चारच आले तर आत्मविश्वास जरा जास्त झालाय.

२. आधी अर्थ, मग नाव: 'वर्गातला सर्वोत्तम खेळाडू' निवडायचा असेल तर आधी गटात 'सर्वोत्तम' म्हणजे काय ते तीन वाक्यांत लिहून घ्या. नावं त्यानंतरच.

३. बाजू बदला: वेस्टब्रुक की हार्डन यावर दोन गट करा. दहा मिनिटांनी बाजू बदलून तोच वाद घालायला लावा. समोरच्याचा मुद्दा नीट मांडता आला, तरच तो आपल्याला समजला.

४. चुकलं का, की दुर्दैव? अंदाज चुकला की विचारायचं, "माहिती कमी पडली, की माहिती असूनही असं झालं?" डॅलसच्या वेळी माहिती समोर होती. यानिसची दुखापत कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

पालकहो, दहावीच्या निकालाच्या दिवशी हा चौथा प्रश्न घरात जरूर आठवा. वर्षभर मन लावून अभ्यास केलेल्या मुलाचा एखादा पेपर बिघडू शकतो. करीचा संघ ती मालिका हरला, म्हणून त्याचा ८२ सामन्यांचा खेळ खोटा ठरला नाही.

त्या दोन मुलांचं काय झालं? घंटा वाजली, वर्गात जाताना एकाने दुसऱ्याला सांगितलं, "बरं, लिहून ठेवू. जूनमध्ये बघू." मी मनात म्हटलं, आजचा तास इथेच झाला!