त्रिक-श्रोणि संधीची वेदना आणि हस्तोपचार

पुसदच्या परिसरात कापसाची वेचणी म्हणजे दिवसभर वाकून करावयाचे काम. कंबरदुखीची तक्रार तेथे नवी नाही. कंबरेत उसण भरली, तर पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, किंवा ‘सरकलेले हाड’ हाडवैद्याकडून बसवून घ्यावे, असा आपल्याकडील जुना लोकसमज आहे. हाड सरकल्याची भाषा कधी कधी शिक्षित उपचारकांच्या तोंडीही आढळते. ती कितपत यथार्थ आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

त्रिकास्थी आणि तिच्या दोहों बाजूंची श्रोणिफलके यांना जोडणारे हे दोन संधी धडाचा भार पायांकडे पोचवितात. बळकट अस्थिबंधांनी ते असे जखडलेले असतात, की त्यांची हालचाल अवघ्या काही अंशांचीच होते. इ. स. १९९८ मध्ये टुलबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० रुग्णांत हस्तोपचारापूर्वी व नंतर या संधीची स्थिती सूक्ष्म क्ष-किरण मापनाने तपासली. उपचारानंतर हाताने केलेल्या परीक्षांचे निष्कर्ष सुधारले. परंतु एकाही रुग्णात हाडाची जागा बदललेली आढळली नाही.

मग आराम पडतो तो कशाने? स्नायूंचा ताण सैलावणे व मज्जासंस्थेची वेदनाग्रहणक्षमता तात्पुरती मंदावणे, ही त्याची अधिक संभाव्य कारणे होत. म्हणूनच मर्दन, संधीचे मंद चालन किंवा झटक्याचा दाब यांना कंबर व नितंबांच्या स्नायूंच्या व्यायामाची जोड द्यावी लागते.

निदानातही सावधगिरी हवी. संधीवर ताण देणाऱ्या परीक्षांपैकी एकीवरच विसंबू नये. किमान तीन परीक्षांत रुग्णाची नेहमीची वेदना उद्भवली, तर संशय बळावतो, असे लॅस्लेट यांच्या २००५ मधील संशोधनावरून दिसते. ज्वर, वजनातील घट, रात्रीची वेदना अथवा सकाळचा दीर्घकाळ टिकणारा ताठरपणा असल्यास क्षयरोग वा दाहजन्य संधिविकार यांचा शोध प्रथम घ्यावा. अशा वेळी झटक्याचा दाब देणे धोक्याचे आहे. ठिसूळ हाडांच्या वृद्धांबाबतही तो वर्ज्य समजावा.

हाड सरकले आहे, अशी समजूत झालेली स्त्री हालचालीस भिऊ लागते व दर उसणीला हाड बसविणाऱ्याचा शोध घेते. तिचे हाड जागेवरच आहे, हे तिला समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग होय.