ब्रेबोर्न आणि वानखेडे : बाकावरून आणि खुर्चीवरून

चर्चगेट स्टेशनच्या एका अंगाला ब्रेबोर्न स्टेडियम, दुसऱ्या अंगाला वानखेडे. एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात चालत जायला दहा-बारा मिनिटे पुरतात. पहिले १९३७ सालचे, दुसरे १९७५ सालचे. एक चांगले मैदान हाताशी असताना दुसरे कशाला बांधले, हा प्रश्न मुंबईबाहेरचा माणूस हमखास विचारतो. त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'तिकीट'!

पण ते नंतर. आधी ब्रेबोर्नविषयी.

भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हा जिमखाना गोऱ्या साहेबांचा. आपल्या क्रिकेटला आपले घर हवे, या ईर्ष्येतून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने समुद्र हटवून मिळवलेल्या बॅकबेच्या जमिनीवर स्टेडियम उभारले आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचे नाव त्याला दिले. घर झाले, पण ते क्लबाचे झाले. पॅव्हिलियन सभासदांचे, हिरवळीवरच्या खुर्च्या सभासदांच्या. खेळाडूंची राहण्याची सोयसुद्धा आवारातच. सामान्य माणूस तिकीट काढून आत येई खरा, पण पाहुण्यासारखा.

माझे आजोबा त्या काळी गिरगावात राहत. ते ब्रेबोर्नला चालत जात आणि पूर्वेच्या स्टँडमध्ये बसत. आता ही 'पूर्व' नीट समजून घेतली पाहिजे. खेळपट्टी दक्षिणोत्तर असते, म्हणजे मावळतीचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. ते जाते पूर्वेला बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत! शिवाय पॅव्हिलियन येते गोलंदाजाच्या पाठीमागे. तिथून चेंडू हवेत किती वळला, टप्पा पडल्यावर किती फिरला हे दिसते. बाजूच्या स्टँडमधून टप्पा आखूड की पुढे एवढे कळते, पण फिरकी जवळजवळ दिसत नाही. म्हणजे बेदीचा चेंडू पाहायचा मान सभासदांचा, आणि आजोबांच्या वाट्याला फक्त त्याचा परिणाम.

तरीही ब्रेबोर्नचे नाव निघाले की आजोबांचा आवाज मऊ होतो. स्टँड बुटके, त्यामुळे आकाश मोठे, समुद्राचा वारा थेट अंगावर, आणि सीमारेषेवरचा खेळाडू बोलण्याच्या अंतरावर. फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीसाठी मुंबईकरांनी सलीम दुराणीला संघात घ्या म्हणून हट्ट धरला होता. दुराणी आला आणि पहिल्या डावात ७३ धावा करून गेला. मागाल तिकडे षटकार मारायचा, अशी त्याची ख्याती. आजोबा म्हणतात, "तो आमच्याकडे बघायचा रे!" (मी नात असले तरी क्रिकेटच्या गप्पांत ते मला 'रे'च म्हणतात.)

सगळेच असे गोड नव्हते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध व्यंकटराघवनला झेलबाद दिले. रेडिओवर समालोचकाने निर्णय चुकल्याचे म्हटले आणि ते ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेल्या हजारोंनी ऐकले. मग जाळपोळ झाली. मैदान जवळ असले की राग जवळ असतो, हेही लक्षात ठेवावे.

आता तिकीट. सामना भरवायची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची, मैदान मात्र क्लबाचे. असोसिएशनच्या वाट्याला किती जागा, यावरून दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचेच स्टेडियम बांधायचे ठरवले आणि शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाकडून ते वर्षाहून थोड्याच जास्त काळात उभे करून घेतले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. द्विशतकाला एक पोरगा धावत त्याचे अभिनंदन करायला गेला, पोलिसांनी त्याला बडवले आणि स्टँड पेटून उठला. नव्या घराची वास्तुशांत अशी झाली!

वानखेडे देखणे नाही. रेल्वेरुळांच्या कडेला काँक्रीटचा एक उभट वाडगा. उंच स्टँडने वारा अडवला, पुढे तारेची जाळी आली. पण याच वाडग्यात आवाज कोंडला जातो, फिरतो, वाढतो. ब्रेबोर्नला टाळ्या वाजत, वानखेडेला गर्जना होते. नॉर्थ स्टँडमध्ये बसलेल्या कोणालाही आपण पाहुणे आहोत असे वाटत नाही. माझ्या मते ही वानखेडेची खरी कमाई. ब्रेबोर्नच्या सौंदर्यावर उसासे टाकणाऱ्यांनी ते सौंदर्य कोणाच्या खुर्चीतून दिसत होते, हे एकदा विचारून पाहावे.

मग २०११ चा विश्वचषक आला. त्यासाठी वानखेडे जवळजवळ नव्याने बांधले. (त्या काळात, डिसेंबर २००९ मध्ये, छत्तीस वर्षांनी ब्रेबोर्नला पुन्हा कसोटी मिळाली आणि सेहवागने २९३ केल्या.) वर कापडी छत आले, खाली प्रत्येकाला वेगळी खुर्ची आली. खुर्ची सोयीची, यात शंका नाही. पण बाकावरच्या माणसाला 'जरा सरकून घ्या' म्हणता येते, खुर्चीला ते म्हणता येत नाही. सुमारे ४५,००० माणसांचे स्टेडियम ३३,००० चे झाले. आणि २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी सर्वसामान्यांना विकायला निघाली सुमारे ४,००० तिकिटे. उरलेल्या जागा संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ, प्रायोजक अशांच्या. ज्या तक्रारीतून वानखेडे जन्मले, तीच तक्रार छत्तीस वर्षांनी वानखेडेच्या दाराशी येऊन उभी राहिली. धोनीचा तो षटकार जिथे पडला तिथल्या खुर्च्या आज जपून ठेवल्या आहेत. आमच्या चाळीने तो टीव्हीवर पाहिला.

नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम याहून नवे, २००८ चे. छताला मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कुठूनही सगळे दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक तिथेच जिंकला.

मी वानखेडेला सर्वांत निवांत बसले ती मार्च २०२४ मध्ये, मुंबई-विदर्भ रणजी अंतिम सामन्याच्या पाचव्या दिवशी. विदर्भापुढे ५३८ धावांचे लक्ष्य होते आणि त्यांचा कप्तान अक्षय वाडकर शतकापर्यंत झुंजला. रिकाम्या खुर्च्या पुष्कळ. मी दोनदा जागा बदलली आणि शेवटी गोलंदाजाच्या बरोबर पाठीमागे जाऊन बसले. मुंबई १६९ धावांनी जिंकली. घरी आल्यावर आजोबांनी धावसंख्या विचारलीच नाही. चेंडू फिरताना दिसला का, एवढेच विचारले.