त्रेसष्ट लाइक, चार वाचक

शीर्षकातले आकडे माझेच आहेत. गेल्या सप्टेंबरात मी एक लेख लिहिला होता. विषय, आमच्या लेडीज हॉस्टेलची पाण्याची टाकी. सकाळी सात वाजता डोक्याला शांपू लावलेला असताना नळ कोरडा पडण्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांना विषयाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ गच्चीवर चढले, काठी बुडवून पाणी मोजलं, आलेख काढले आणि इंग्रजीत दोन हजार शब्द लिहून काढले. (इंग्रजीत अशासाठी, की आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना मराठीत 'निष्कर्ष' लिहायचे म्हणजे घाम फुटतो. हा लेखसुद्धा रूममेटने दोनदा तपासलाय.)

लेख इंटरनेटवर ठेवला खरा, पण वाचणार कोण? म्हणून त्याची लिंक लिंक्डइनवर टाकली. वर एक ओळ लिहिली, 'माझा नवा लेख जरूर वाचा', आणि पुढे रॉकेटचं चित्र. तासाभरात लाइकचा पाऊस! रात्रीपर्यंत त्रेसष्ट! 'अभिनंदन', 'खूप छान', 'प्राउड ऑफ यू'. मी हवेत. मग लेख किती जणांनी उघडला ते पाहिलं. चार. त्यातली दोनदा मीच होते.

मला वाटतं हे आपल्यापैकी पुष्कळांचं होतं, फक्त कोणी सांगत नाही. म्हणून हे लिंक्डइन नावाचं यंत्र वाचक आणतं कसं, आणि आणत नाही ते का, हे मला जेवढं कळलं तेवढं लिहितेय.

लिंक्डइन कॅलिफोर्नियात मे २००३ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्याचं काम एवढंच होतं, की आपला बायोडाटा मांडायचा आणि कोण कोणाला ओळखतं ते पाहायचं. लेख लिहायची सोय २०१२ मध्ये आली, तीही निवडक मोठ्या लोकांना. २०१४ पासून ती सगळ्यांना हळूहळू खुली झाली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला अख्खी कंपनी विकत घेण्याचा करार केला. आज अमेरिकेखालोखाल सर्वांत जास्त सभासद भारतात आहेत. थोडक्यात, मुळात ही ओळखीपाळखीची वही आहे, वाचनालय नाही. हे लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपण पोस्ट टाकली की ती सगळ्यांना दिसते, असा माझा समज होता. तसं नसतं. ती आधी आपल्या ओळखीच्यांपैकी काहींच्या फीडमध्ये जाते. त्यांनी काही केलं, म्हणजे लाइक दिला, प्रतिक्रिया लिहिली, तर ती त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आपल्या दृष्टीने 'सेकंड डिग्री'वाल्यांपर्यंत. आता यात गंमत अशी, की पोस्टवर माणूस किती वेळ थांबला हेही मोजलं जातं. लिंक्डइनच्या इंजिनियर लोकांनी २०२० मध्ये हे उघडच लिहिलंय. कारण सरळ आहे, लाइक द्यायला अर्धा सेकंद लागतो, वाचायला अर्धा मिनिट. माझ्या मैत्रिणींनी मला अर्धा-अर्धा सेकंद दिला होता. मेसच्या रांगेत उभं राहून!

आणि समजा त्यांनी वाचलं असतं, तरी? माझ्या ओळखीचे कोण, तर वर्गातल्या मुली. त्यांच्या ओळखीचे कोण, तर परत त्याच वर्गातल्या मुली. पोस्ट गोल फिरून हॉस्टेलच्याच जिन्यात येऊन बसली.

हे कोडं अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञाने लिंक्डइनच्या तीस वर्षं आधी सोडवून ठेवलंय. मार्क ग्रॅनोव्हेटर, १९७३. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याने नोकरीची बातमी दिली त्याला तुम्ही कितीदा भेटायचात? नेहमी भेटणारे निघाले जेमतेम १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त कामाला आल्या. का, तर जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. लांबचा माणूस दुसऱ्या घोळक्यात उठतो-बसतो, तो तिथली बातमी इकडे आणतो आणि इकडची तिकडे नेतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावर मोठा अभ्यास आला, तोही लिंक्डइनवरच्याच दोन कोटींहून जास्त सभासदांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा. त्यातही नोकरीच्या बाबतीत लांबच्या ओळखीच जिंकल्या. फक्त एक दुरुस्ती निघाली, की अगदीच अनोळखी नको. थोडे समाईक ओळखीचे असलेला, पण रोजच्या उठण्याबसण्यातला नसलेला माणूस सर्वांत उपयोगी.

हे दोन्ही अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, वाचकांबद्दलचे नाहीत, हे मान्य. पण माझ्या टाकीला ते तंतोतंत लागू पडले.

दुसऱ्यांदा मी काय केलं ते सांगते. महिनाभर स्वतःची एकही लिंक टाकली नाही. पंप, पाइपलाइन, पाणीपुरवठा यावर लिहिणारी पाच-सहा माणसं शोधली. त्यातले एक आमच्याच कॉलेजचे जुने सीनियर, टेक-फेस्टला एकदाच भेटलेले. त्यांच्या पोस्टवर मनापासून प्रश्न विचारायला लागले. 'ग्रेट पोस्ट सर' नव्हे हं! त्यांनी पंपाच्या आवाजावर काही लिहिलं, तर मी विचारलं की आमचा पंप सुरुवातीला नुसताच घोंघावतो, तो कसला आवाज? अशा प्रतिक्रियेबरोबर आपलं नाव आणि नावाखालची हेडलाइनही त्यांच्या वाचकांसमोर जाते. माझी हेडलाइन होती 'उत्साही, मेहनती, होतकरू इंजिनियर'. देशात अशा होतकरूंची काय कमी आहे? ती बदलून मी लिहिलं, 'मेकॅनिकल, तिसरं वर्ष. हॉस्टेलचं पाणी कुठे जातं ते मोजतेय'. त्यावरून लोक प्रोफाइलवर यायला लागले. प्रोफाइलवर वरच्या भागात 'फीचर्ड' म्हणून जागा असते, तिथे लेख चिकटवून ठेवला. ज्याला वाचायचं तो वाचेल.

मग पोस्ट नव्याने लिहिली. लिंक टाकली की पोस्ट कमी पसरते असं तिथे सगळेच म्हणतात, आणि लिंक पहिल्या प्रतिक्रियेत टाकायची युक्तीही सांगतात. मला त्यापेक्षा साधी गोष्ट पटली. माणूस फीडमधून बाहेर जायला तयार नसतो, तर त्याला फीडमध्येच काहीतरी द्यावं. पोस्टला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे, ती भरपूर झाली. पण त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी पाहा'च्या मागे दडतं. तेव्हा त्या ओळींत रॉकेट नको, कोडं हवं. मी लिहिलं, 'आमची टाकी २०,००० लिटरची. मुली १४०. हॉस्टेलसाठीचं मानक माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १८,९०० लिटर. मग पाणी सकाळी सातलाच का संपतं?' पुढे मोजणीची पद्धत, एक आलेख, आणि माझं उत्तर. लेखाची लिंक अगदी शेवटी.

उत्तर असं होतं. पंधरापैकी नऊ दिवस टाकी पहाटे भरलेलीच नव्हती, निम्मीच होती. पंप ती भरायला दोन तास घेतो. साडेचारला सुरू केला तर साडेसहाला भरायला हवी. ज्या अर्थी भरत नाही, त्या अर्थी पंप उशिरा सुरू होतो. कारण, ऑपरेटरचा आळस. हे शब्द मी लिहिले होते. इंग्रजीत ते फार भारदस्त दिसत होते.

लाइक आले सोळा. पण त्या सीनियरनी प्रतिक्रिया लिहिली, आणि त्यामुळे पोस्ट त्यांच्या ओळखीच्यांत गेली. तिथून तिसऱ्या दिवशी मराठीत एक प्रतिक्रिया आली. आयुष्यभर पंपदुरुस्ती केलेले एक काका होते. मला ते ओळखत नव्हते, मीही त्यांना नाही. त्यांनी एवढंच विचारलं, 'टाकी भरली नाही त्या दिवशी पंप बंद होता की नुसता फिरत होता, ते पाहिलंत का? फूट व्हॉल्व्ह बघून घ्या, बाळ.'

मी पाहिलं नव्हतं. मी पाणी मोजलं होतं, पंप पाहायला गेलेच नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपला पंप जमिनीखालच्या टाकीतून पाणी वर ओढतो. असा पंप हवा ओढू शकत नाही, त्याच्या पोटात आणि खालच्या पाइपात आधीपासून पाणी भरलेलं लागतं. ते पाणी परत टाकीत घसरू नये म्हणून पाइपाच्या तळाशी एकतर्फी झडप असते, तीच फूट व्हॉल्व्ह. ती गळायला लागली की रात्रभरात पाइप रिकामा होतो. सकाळी बटण दाबलं की पंप फिरतो, घोंघावतो, पण पाणी उचलत नाही. मग वरून पाणी ओतून तो पुन्हा भरावा लागतो. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलंय. परीक्षेत मी त्याची आकृतीही काढलीय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी पंपघरात गेले. पंपवाले मामा हातात बादली घेऊन पंपात पाणी ओतत होते. सहावी बादली, म्हणाले. झडप पावसाळ्यापासून गळतेय, दोनदा चिठ्ठी दिली, कोणी बघायला आलं नाही. रोज चारला उठतो. एखाद्या दिवशी लगेच पकडतो, एखाद्या दिवशी सहा वाजतात.

मी त्यांना सांगितलं की मी तुमच्याबद्दल काय लिहिलंय. फोनवर लेख काढून दाखवला, पण तो इंग्रजीत. मग मीच मराठीत वाचून दाखवला, त्या आळसाच्या वाक्यासकट. ते वाक्य मराठीत म्हणताना अजिबात भारदस्त वाटलं नाही. मामा थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "ताई, आधी मला विचारायचं ना."

त्याच दिवशी लेख दुरुस्त केला. जुनं वाक्य पुसलं नाही, त्यावर रेघ मारून खाली खरं कारण लिहिलं, आणि काकांनी दाखवलेली चूक म्हणून वेगळी पोस्ट टाकली. गंमत म्हणजे त्या पोस्टला लाइक फक्त अकरा, पण लेख उघडणारे दोनशेच्या वर गेले. त्यांतल्या कितीतरी जणांनी आपापल्या सोसायटीच्या टाकीचे प्रश्न लिहिले. एकाने तर फूट व्हॉल्व्हचा फोटोच पाठवला, आतली रबराची पट्टी फाटलेली. असे वाचक मला त्रेसष्ट लाइकवाल्या दिवशी कुठून मिळणार होते?

आता दोन गोष्टी ज्या करू नका, मी केल्यात म्हणून सांगते. एक, 'तू मला लाइक दे, मी तुला देते' असा हॉस्टेलचा ग्रुप. आम्ही तो काढला होता, वीस मुलींचा. लिंक्डइनच्या नियमांत असं आधी ठरवून एकमेकींना लाइक देणं बसत नाही, आणि बसलं असतं तरी वरचा हिशेब पाहा, वीस मुली म्हणजे तोच जिना. दुसरी, खातं उघडताना फोनमधले सगळे पत्ते देऊन टाकणं. मी 'हो' म्हणत गेले आणि माझ्या नावाने निमंत्रणं कोणाकोणाला गेली म्हणता? मावशीला, गॅसवाल्याला, आणि वॉर्डन मॅडमना. अशा निमंत्रणांच्या मागून जाणाऱ्या स्मरणपत्रांवरून अमेरिकेत लिंक्डइनवर खटला झाला होता आणि २०१५ मध्ये त्यांनी १.३ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. मला कोणी डॉलर दिले नाहीत. मॅडमनी मात्र निमंत्रण स्वीकारलं.

आणि ते एका परीने बरंच झालं. दुरुस्तीची पोस्ट त्यांच्या फीडमध्ये गेली. त्यांनी लाइक दिला नाही, प्रतिक्रिया तर नाहीच. फक्त मला ऑफिसात बोलावून मामांच्या दोन चिठ्ठ्या कुठल्या तारखेच्या होत्या ते विचारलं. मला माहीत नव्हतं, मी पुन्हा मामांकडे गेले. त्यांनी दोन्हींच्या नकला जपून ठेवल्या होत्या, पंपघरातल्या कॅलेंडरच्या मागे.

झडप नोव्हेंबरात बदलली. लेखाचं मराठी करून त्याची छापील प्रत मी मामांना नेऊन दिलीय. तीही आता कॅलेंडरच्या मागेच आहे.