जन्माने लादलेली चाकरी आणि कायदा

गुलामगिरी केवळ चाबकाच्या बळावर टिकत नाही. तिला कायद्याचा आधार लागतो. हे समाजबांधवांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीने 1662 साली कायदा केला : आई गुलाम, तर मूलही गुलाम. साउथ कॅरोलिनाच्या 1740 च्या कायद्याने गुलामास लिहावयास शिकविणाऱ्याला दंड ठेवला. मुक्त झालेल्या काळ्या माणसासही थारा नव्हता. व्हर्जिनियाच्या 1806 च्या कायद्यानुसार मुक्ततेनंतर बारा महिन्यांत त्याला राज्य सोडावे लागे. न सोडल्यास पुन्हा विक्री! अखेर 1865 साली तेथे गुलामगिरी रद्द झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या मुक्तिकार्यातील अमेरिकन लोकांस अर्पण केला.

आपल्याकडे काय होते? कंपनी सरकारच्या 1843 च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. परंतु मुंबई इलाख्याच्या 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महार वतन कायमच ठेवले. येथे माणूस बाजारात विकला जात नव्हता, हा फरक खरा. पण गावकीची व सरकारी चाकरी जन्मानेच गळ्यात पडे. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जावे. मोबदला म्हणजे इनाम जमिनीचा तुकडा आणि बलुते. तेही गावाच्या मर्जीवर. त्या तुकड्याच्या आशेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बांधली गेली.

हे जोखड मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला आणि आकार भरून चाकरीतून सुटण्याची मुभा, ही त्यातील मुख्य मागणी. विरोधामुळे 1929 साली ते मागे घ्यावे लागले. पुढे 1958 चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा झाला व 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला. 1948 साली सावंतवाडी संस्थान विलीन झाल्याने आपले आरोंदाही तोवर मुंबई राज्यात आले होते.

चाकरी गेली, पण जागरूकतेची गरज गेली नाही. या कायद्याखाली परत मिळालेली महार वतन जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना हस्तांतरित करता येत नाही. आपल्या कुटुंबाकडे अशी जमीन असल्यास सातबारा व फेरफार पाहून घ्यावेत; वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा वा सही देऊ नये. ज्या कायद्याने बांधले, तोच बदलून बाबासाहेबांनी वाट दाखविली. तो वाचण्याची ताकद विद्यार्थ्यांनी मिळवावी, हीच आमची अपेक्षा.

जयभीम!