पाण्याची रेल्वे

(हवामान बदलत आहे, असे आपण वारंवार ऐकतो. या बदलाचा माणसांच्या रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे? सगळ्यांना त्याचा त्रास सारखाच होतो का? लातूर शहरातील पाणीटंचाईच्या उदाहरणावरून या पाठात ते समजावून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, रेल्वेच्या मालगाडीतून काय काय नेतात, असे कोणी विचारले तर तुम्ही पटकन सांगाल : धान्य, कोळसा, तेल, सिमेंट. पण पिण्याचे पाणी भरून निघालेली रेल्वे तुम्ही पाहिली आहे का? लातूरच्या लोकांनी ती पाहिली आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे ती त्यांच्या शहरात आली.

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे या गाडीत पाणी भरण्यात आले होते. गाडीला टाकीसारखे दहा डबे होते. प्रत्येक डब्यात सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी होते. हे डबे आधी राजस्थानातील कोटा येथे वाफेने स्वच्छ केले होते. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून हे पाणी लातूरला पोहोचले.

पाच लाख लिटर! आकडा मोठा वाटतो ना? आता एक छोटे गणित करा. लातूर शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे चार लाख होती. पाच लाखांना चार लाखांनी भागा. माणशी फक्त सव्वा लिटर पाणी येते. पुढे गाडीला पन्नास डबे जोडले गेले, तरी हा हिशोब माणशी सहा लिटरांच्या आसपासच राहिला. एवढ्या पाण्यात प्यायचे किती, स्वयंपाकाला घ्यायचे किती आणि भांडी कशाने धुवायची?

लातूरवर ही वेळ का आली? या शहराला मांजरा नदीवरील धरणातून पाणी मिळते. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस फार कमी पडला. धरण कोरडे पडले. नळ बंद झाले. विहिरी आणि कूपनलिका आटल्या. लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. पाण्यासाठी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च २०१६ मध्ये शहरातील पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. दंगलीच्या वेळी असा हुकूम निघतो, हे आपल्याला माहीत आहे. लातूरला तो पाण्यासाठी निघाला!

आणि पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठवाड्यात मुसळधार पाऊस कोसळला. नदीनाल्यांना पूर आले. उभी पिके पाण्याखाली गेली. जे धरण उन्हाळ्यात कोरडे होते, ते भरून गेले. एकाच वर्षात आधी दुष्काळ आणि मग पूर, असे दोन्ही लोकांनी सोसले.

असे का होते, ते आता समजून घेऊ या.

उर्दूत तुम्ही ‘आबोहवा’ हा शब्द वापरता. आब म्हणजे पाणी आणि हवा म्हणजे वारा. मराठीत त्यालाच आपण हवामान म्हणतो. ‘आबोहवा’ या शब्दात पाणी आणि हवा शेजारी शेजारी आहेत, ते योग्यच आहे. कारण हवा तापली की पाण्याचे वागणेही बदलते.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखे काम करतो. पांघरूण जाड झाले की आत उष्णता साठते. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. पृथ्वीचे सरासरी तापमान तेव्हापासून एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे.

एक अंश म्हणजे थोडेच, असे तुम्हांला वाटेल. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. मोठा स्पंज जास्त पाणी शोषतो आणि पिळला की एकदम ओततो. तापलेल्या हवेचेही तसेच होते. पाऊस अनेक दिवस दडी मारतो आणि मग थोड्या तासांत कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे त्यात दिसून आले. असा धो धो पाऊस जमिनीत मुरत नाही. तो माती घेऊन वाहून जातो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक दुष्काळ हवामानबदलामुळेच पडतो, असे नाही. महाराष्ट्रात १९७२ मध्येही भीषण दुष्काळ पडला होता. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ते त्याच्या आठवणी सांगतील. हवामानबदल पावसाचा लहरीपणा वाढवतो. पण त्या लहरीपणाचा तडाखा कोणाला बसतो, हे पुष्कळसे आपल्या समाजावर अवलंबून असते.

ते कसे? टंचाईच्या काळात ज्यांच्याकडे पैसा आहे, ते टँकर विकत घेतात. ज्यांच्याकडे तो नाही, ते घागर घेऊन रांगेत उभे राहतात. त्या रांगेत बहुतेक बायका आणि मुलीच असतात. टँकर येण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच असेल, तर मुलीची शाळा बुडते. पाऊस आकाशातून कमी पडला. पण शाळा मुलाची न बुडता मुलीची बुडावी, हे आकाशाने ठरवले नाही. ते घराने ठरवले.

दुसरे उदाहरण उसाचे. उसाला भरपूर पाणी लागते. महाराष्ट्रातील फार थोड्या जमिनीवर ऊस असतो, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तोच पितो. पाण्याची टंचाई असलेल्या मराठवाड्यातही ऊस लावला जातो. दुसरीकडे, ज्यांची कोरडवाहू शेती पावसाअभावी पिकत नाही, अशी लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अशी कुटुंबे पाठीवर बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव! मुकादमाकडून त्यांनी आधीच ‘उचल’ घेतलेली असते. ती फेडण्यासाठी पहाटेपासून राबावे लागते. आजारपणामुळे खाडा झाला तरी पैसे कापले जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि त्यांचे शाळेचे वर्ष अर्ध्यावर तुटते. मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे काढली जातात. पण सर्वच मुले तिथे राहत नाहीत.

आता विचार करा. या मजुरांकडे मोटारगाडी नाही, थंड हवेचे यंत्र नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढण्यात त्यांचा वाटा नगण्य आहे. तरीही हवामानाचा मार आधी त्यांच्याच पाठीवर बसतो. म्हणून हवामानबदल हा केवळ विज्ञानाचा प्रश्न नाही. तो न्यायाचाही प्रश्न आहे.

यावर उपाय आहे का? आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे एक गाव आहे. तिथेही पाऊस कमीच पडतो. पूर्वी या गावातील लोक कामासाठी गाव सोडून जात. १९९० नंतर गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, बांध घातले. मुख्य म्हणजे ते दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडू लागले. किती पाऊस पडला, पिण्याला किती लागेल, गुरांना किती लागेल, हे पाहून मगच कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. फार पाणी पिणारी पिके त्यांनी टाळली. शेतीसाठी कूपनलिका खोदायच्या नाहीत, असाही नियम केला. गेलेली कुटुंबे परत आली.

पाणी जपण्याची ही रीत मराठवाड्यालाही नवी नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहरासाठी जमिनीखालून कालवा काढून पाणी आणले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने तो प्रसिद्ध आहे.

मित्रांनो, नळ नीट बंद करा, हे तुम्ही अनेकदा ऐकले आहे. ते कराच. पण आणखी एक काम करा. तुमच्या वर्गात एखादी मुलगी रोज उशिरा येत असेल, तर तिला हसण्याआधी विचारा : तुझ्या मोहल्ल्यात पाणी किती वाजता येते? ते भरायला घरातून कोण जाते? आणि तोच प्रश्न आपल्या घरीही विचारा. उत्तर ऐकून, भावांनो, उद्या सकाळी एक घागर तुम्ही उचला.

शब्दार्थ

टंचाई – कमतरता, तुटवडा
जमावबंदी – लोकांनी एकत्र जमण्यास मनाई
अतिवृष्टी – फार जास्त पाऊस
कोरडवाहू – केवळ पावसाच्या पाण्यावर होणारी (शेती)
मुकादम – मजुरांच्या टोळीचा प्रमुख
उचल – कामाआधी घेतलेली रक्कम, पेशगी
खाडा – कामावरील गैरहजेरी
नगण्य – अगदी थोडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लातूरला रेल्वेने पाणी कोठून आणले?
(आ) ‘कोयता’ कोणाला म्हणतात?
(इ) हिवरे बाजारमध्ये दरवर्षी कशाचा हिशोब मांडतात?

२. कारणे लिहा.
(अ) लातूरमध्ये जमावबंदीचा हुकूम काढावा लागला.
(आ) टंचाईच्या काळात मुलींची शाळा बुडते.

३. वाक्यात उपयोग करा.
तोंडचे पाणी पळणे, दडी मारणे, पाठीवर बिऱ्हाड घेणे.

उपक्रम : तुमच्या घरी एका दिवसात किती पाणी लागते आणि ते कोण भरते, याची सात दिवसांची नोंद करा. ती वर्गात वाचून दाखवा.