डिजिटल युगातील प्रेषितकार्य : साधन आणि सान्निध्य

योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक लहानसा उल्लेख येतो. सांगण्यासारखे पुष्कळ असूनही ते सारे कागद व शाई घेऊन लिहिण्याची पत्रलेखकाची इच्छा नाही. आपण स्वतः येऊन समोरासमोर बोलू, म्हणजे सर्वांचा आनंद परिपूर्ण होईल, अशी आशा तो व्यक्त करतो. विशेष म्हणजे, हे तो लिहितो तेही कागदावर आणि शाईनेच! त्या काळातील उपलब्ध साधन त्याने नाकारले नाही. मात्र त्या साधनाची मर्यादाही तो विसरला नाही. संगणक, भ्रमणध्वनी आणि सामाजिक माध्यमे यांचा ख्रिस्तसभेच्या सेवाकार्यात कसा उपयोग करावा, या प्रश्नाचा विचार करताना हे उदाहरण आपणांस मार्गदर्शक ठरावे.

साधनांच्या स्वागताची परंपरा

नव्या माध्यमांचे स्वागत करणे ख्रिस्तसभेला नवीन नाही. येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत इ. स. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला. तो वास्तविक अॅबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे जावयाचा होता. परंतु गोव्यातच राहिला आणि भारतातील मुद्रणकलेचा आरंभ झाला. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. मूळच्या इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने मराठीत ओवीबद्ध ग्रंथ रचला. पण देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. साधन अपुरे होते, तरी त्यासाठी काम अडून राहिले नाही.

विसाव्या शतकातही हीच परंपरा पुढे चालू राहिली. पोप अकरावे पायस यांनी १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन आकाशवाणीचे उद्घाटन केले. तिची उभारणी स्वतः मार्कोनी यांनी केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समूहसंपर्क माध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला. त्याच आदेशातील सूचनेनुसार १९६७ पासून जागतिक समूहसंपर्क दिन पाळला जाऊ लागला. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले. ते चालविणाऱ्या संगणकांना राफाएल, मिखाएल आणि गाब्रिएल या देवदूतांची नावे देण्यात आली होती. १२ डिसेंबर २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तेव्हा ‘ट्विटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर पहिला संदेश पाठविला, तर १९ मार्च २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ‘इन्स्टाग्राम’वर पदार्पण केले.

अशा प्रकारे, ‘हे यंत्र देवळात कशाला?’ हा प्रश्न आता मागे पडला आहे. त्या यंत्राकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते काम त्याच्यावर सोपवू नये, हा आजचा प्रश्न आहे.

पडदा काय करू शकतो

अंथरुणास खिळलेल्या वृद्ध आजीला रविवारचा उपदेश ऐकता येतो. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या किंवा जहाजावर काम करणाऱ्या आपल्या तरुणाला स्वतःच्या गावच्या सणाची मिस्सा आणि आपल्या भाषेतील गायन कानी पडते. दररोजची शास्त्रवाचने भ्रमणध्वनीवर मिळतात. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी शिक्षकांना चित्रफिती उपलब्ध होतात. रक्ताची तातडीची गरज, वादळाचा इशारा किंवा एखाद्या कुटुंबावर कोसळलेले संकट काही क्षणांत संपूर्ण धर्मग्रामाला कळते आणि मदतीचे हात पुढे येतात. हे लाभ लहान नाहीत.

या संदर्भात संत कार्लो अकुतिस यांचे उदाहरण बोलके आहे. लंडन येथे १९९१ मध्ये जन्मलेला आणि इटलीत वाढलेला हा मुलगा संगणकात अत्यंत निपुण होता. जगभरातील ख्रिस्तप्रसादविषयक चमत्कारांची माहिती संकलित करून त्याने ती संकेतस्थळावर मांडली. वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, १२ ऑक्टोबर २००६ रोजी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संतपद बहाल केले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा मुलगा दररोज मिस्सेला जात असे आणि व्हिडिओ गेम खेळण्यावर त्याने स्वतःच वेळेची मर्यादा घातली होती. त्याच्या संगणकाची वाट अखेर वेदीकडेच जात होती.

पडदा काय करू शकत नाही

व्हॅटिकनच्या समूहसंपर्क माध्यम परिषदेने २२ फेब्रुवारी २००२ रोजी ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ हा दस्तऐवज प्रकाशित केला. इंटरनेटवर साक्रामेंते होऊ शकत नाहीत, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. साक्रामेंत म्हणजे केवळ माहिती अथवा शब्द नव्हे. बाप्तिस्म्यात पाणी मस्तकावर पडते, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लागते, भाकर प्रत्यक्ष हाती अथवा मुखी येते. ज्या देवाने मानवी देह धारण केला, तो आपल्या देहालाही स्पर्श करतो, ही आपली श्रद्धा आहे. पडदा चित्र व आवाज पोहोचवू शकतो. स्पर्श पोहोचवू शकत नाही.

प्रायश्चित्त संस्काराचेही तसेच आहे. पापनिवेदनाची तयारी करून देणारे एक भ्रमणध्वनी उपयोजन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वृत्तपत्रांत पुष्कळ गैरसमज पसरले. आत्मपरीक्षणासाठी असे साधन उपयोगी पडू शकेल. परंतु पापनिवेदन करणारी व्यक्ती आणि धर्मगुरू यांच्यातील प्रत्यक्ष संवादाची जागा ते घेऊ शकत नाही, असे व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले होते.

हा फरक आपण सर्वांनी कोरोनाच्या काळात स्वतः अनुभवला. मार्च २०२० च्या अखेरीस देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. २७ मार्च रोजी पावसात भिजणाऱ्या, निर्मनुष्य संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे राहून प्रार्थना करीत होते आणि आपण ते दृश्य घरोघरी डोळ्यांत पाणी आणून पाहत होतो. १२ एप्रिल रोजीचा ईस्टर सणही आपण घरातच साजरा केला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. त्या दीर्घ काळात प्रक्षेपित मिस्साबलिदानाने आपल्या श्रद्धेची ज्योत विझू दिली नाही, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

परंतु त्याच काळात अंत्यविधीला वीसांहून अधिक माणसांना परवानगी नव्हती. अनेकांनी आपल्या आईवडिलांचा, भावंडांचा अखेरचा निरोप भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घेतला. काही न दिसण्यापेक्षा ते दिसले, हे बरेच झाले. तरीही शवपेटीवर मूठभर माती टाकता आली नाही, रडणाऱ्या बहिणीच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही, हे शल्य अनेकांच्या मनात आजही आहे. पडद्याची उपयुक्तता आणि पडद्याची मर्यादा आपण एकाच वेळी शिकलो. म्हणूनच दैवी उपासनेसंबंधीच्या व्हॅटिकन विभागाने ऑगस्ट २०२० मधील पत्राद्वारे, परिस्थिती अनुकूल होताच भाविकांनी पुन्हा प्रत्यक्ष उपासनेत सहभागी व्हावे, असे आवाहन केले. जे आजारी अथवा वृद्ध आहेत, त्यांच्यासाठी प्रक्षेपण हा आधारच आहे. मात्र ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चहाचा कप हाती घेऊन मिस्सा ‘पाहणे’ हा त्याचा हेतू कधीच नव्हता.

विवेकाची गरज

सामाजिक माध्यमांचा दुसरा धोका असत्याचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या समूहसंपर्क दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांचा विषय हाताळला आणि तिचे मूळ एदेन बागेतील सर्पाच्या कपटी बोलण्यात दाखविले. त्याच वर्षी अफवांमुळे भारतात घडलेल्या झुंडबळींच्या पार्श्वभूमीवर ‘व्हॉट्सअॅप’ला एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा आपल्या देशात घालावी लागली. अमुक प्रार्थना दहा जणांना पाठविली नाही तर संकट येईल, असे बजावणारे संदेश श्रद्धेचे नसून अंधश्रद्धेचे आहेत. अन्य धर्मीयांविषयी द्वेष फैलावणारे संदेश तर ख्रिस्ताच्या शिकवणुकीला सर्वस्वी विसंगत आहेत. असा संदेश ‘फक्त पुढे पाठविला’ म्हणून आपली जबाबदारी टळत नाही.

तिसरा धोका फसवणुकीचा आहे. धर्मगुरूंचे किंवा महागुरुस्वामींचे छायाचित्र लावून, त्यांच्या नावे तातडीने पैसे मागण्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी घडले आहेत. असा संदेश आल्यास प्रथम संबंधित व्यक्तीला तिच्या नेहमीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

धर्मग्रामासाठी काही सूचना

१. धर्मग्रामाच्या अधिकृत गटात सूचना कोणी द्यावयाच्या, हे निश्चित असावे. दोन-तीन जबाबदार व्यक्तींकडे ते काम सोपवावे. अशा गटात वादविवाद, राजकीय प्रचार व जाहिराती यांना स्थान नसावे.

२. लहान मुलांची छायाचित्रे, विशेषतः नावासह, पालकांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

३. आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती करताना आजाराचा तपशील जाहीर करू नये. नाव देण्यापूर्वी कुटुंबाला विचारावे. अंत्यविधीचे प्रक्षेपणही कुटुंबाच्या इच्छेनेच व्हावे. शोकाकुल चेहऱ्यांवर कॅमेरा रोखणे ही सेवा नव्हे.

४. ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी नाही किंवा ज्यांना तो वापरता येत नाही, त्यांचा विसर पडू नये. वेदीवरून दिली जाणारी सूचना आणि देवळाबाहेरील फलक बंद करू नयेत.

५. जे कुटुंब केवळ पडद्यावरून मिस्सेत सहभागी होते, त्याची नोंद ठेवावी. त्या घरी महिन्यातून एकदा तरी कोणी जावे आणि आजाऱ्यास ख्रिस्तप्रसाद पोहोचेल, अशी व्यवस्था करावी.

आमच्या मते यातील पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. प्रक्षेपण सुरू केले म्हणजे आजाऱ्यांची सेवा झाली, असे समाधान मानण्याचा मोह प्रत्येक धर्मग्रामाला होतो. प्रत्यक्षात सेवेचा आरंभ तेथून होतो.

जाळे सांधणारे हात

व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने २८ मे २०२३ रोजी सामाजिक माध्यमांविषयी एक चिंतन प्रकाशित केले. दयाळू शमरोनी मनुष्याचा दाखला त्याच्या केंद्रस्थानी आहे. याजक आणि लेवी यांनीही जखमी माणसाला पाहिले होते. पण ते पुढे निघून गेले. आज आपण पडद्यावर दररोज कितीतरी जखमी माणसे पाहतो आणि बोटाने त्यांना वर सरकवितो. शमरोनी मनुष्य मात्र थांबला, जवळ गेला आणि जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या.

२०२५ च्या ज्युबिली वर्षात २८ व २९ जुलै रोजी रोम येथे डिजिटल प्रेषितकार्य करणाऱ्यांचा मेळावा भरला. त्यांना उद्देशून बोलताना पोप चौदावे लिओ यांनी प्रभूने पाचारण केले तेव्हा जाळी सांधत बसलेल्या शिष्यांची आठवण करून दिली. आपल्या किनारपट्टीवरील मच्छीमार बांधवांना या प्रतिमेचा अर्थ वेगळा सांगावयास नको. जाळे कितीही मोठे असले तरी एक फाटका घर सारी मासळी निसटून जाण्यास पुरेसा असतो आणि तो हातांनीच सांधावा लागतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, संदेश अवश्य पाठवू या, प्रक्षेपणही करू या. आणि योहानाच्या पत्रलेखकाप्रमाणे, संदेश पाठवून झाल्यावर उठून त्या घरी जाऊ या. या रविवारी मिस्सेनंतर, जो शेजारी बरेच दिवस देवळात दिसला नाही, त्याच्या दारावर थाप मारू या.