चेकचा भरवसा दोन दिवसांचा नाही



गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे बिल, सोसायटीचे कर्ज, खतवाल्याची उधारी असे सगळेच हिशोब एकदम निघतात. आज मोंढ्यात चेक द्यायचा आणि खात्यात पैसे उद्या-परवा भरायचे, ही आपली जुनी सवय. चेक वटायला दोन दिवस लागायचे, म्हणून ते खपून जाई. ही सवय आता मोडावी, हे सांगण्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

आता चेकचा कागद ज्या बँकेत भरला तिथेच राहतो. पुढे जाते ते त्याचे छायाचित्र. ही पद्धत २००८ साली दिल्लीत सुरू झाली, २०१३ साली मुंबईत आली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ठरलेल्या वेळेत ही चित्रे सतत जात राहतात आणि संध्याकाळी सातपर्यंत समोरच्या बँकेला होय की नाही हे कळवावे लागते. खात्यात पैसे नसले तर चेक त्याच दिवशी परत! वर दंड, आणि प्रसंगी कलम १३८ खाली कोर्टाची पायरी.

म्हणून आमची विनंती: आधी पैसे भरा, मग चेक द्या. नाव किंवा रक्कम खोडू नका. शेजारी सही केली तरी चालत नाही, नवा चेक लिहा. रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल तर चेकचा तपशील बँकेला आधी कळवून ठेवा.

आणि पासबुक महिन्याला भरून आणा. नोंद समजेल अशी असावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना बजावले आहे. उसाचे बिल आणि कपात पावतीशी ताडून पाहा. कळले नाही तर बँकेत विचारा; त्यात संकोच कसला? पैसा आपल्या घामाचा आहे.